दाखल क्रमांक १९१४ : शाळेचं जनरल रजिस्टर कसं वाचायचं?

दरवर्षी ७ नोव्हेंबरला महाराष्ट्रात विद्यार्थी दिन साजरा होतो. १९०० साली याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या गव्हर्नमेंट हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीत दाखल झाले. रजिस्टरमधला त्यांचा क्रमांक १९१४. दिवस साजरा करणं २०१७ पासूनचं. पण रजिस्टर त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं आहे, आणि शिक्षणाच्या इतिहासावर काम करू पाहणाऱ्यांनी या क्रमांकाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघावं असं मला वाटतं.

पहिला मोह हिशेबाचा होतो. शाळा तेव्हा साधारण पन्नास वर्षांची धरली तर १९१४ भागिले ५० म्हणजे वर्षाला सरासरी ३८ प्रवेश. झालं, टेबल तयार! थांबा. हा भागाकार तेव्हाच चालतो, जेव्हा क्रमांक पहिल्या दिवसापासून सलग असतात. जुनं रजिस्टर भरलं की नव्यात कधी पुढचा आकडा येतो, कधी पुन्हा एकपासून सुरुवात होते. शाळा सोडून परत आलेल्या मुलाला कुठं जुना क्रमांक मिळतो, कुठं नवा. म्हणून आधी दोन रजिस्टरांमधला सांधा तपासायचा, मग कॅल्क्युलेटर काढायचा. आणि ३८ म्हणजे पटसंख्या नव्हे. प्रवेश वेगळे, पट वेगळा. व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो.

दुसरी गोष्ट नावाची. शाळेतलं नाव 'भिवा'. भीमराव नंतरचं. आडनावाबद्दल दोन हकिकती सांगितल्या जातात : वडिलांनी आंबडवे गावावरून 'आंबडवेकर' लावलं आणि पुढे शिक्षकांमुळे त्याचं 'आंबेडकर' झालं, ही एक, दाखल होतानाच 'आंबेडकर' लिहिलं गेलं, ही दुसरी. अशा वेळी चरित्रावर चरित्र रचत बसू नका. मूळ नोंद बघा. शाई एकच आहे का, खाडाखोड आहे का, शेजारच्या नोंदींचं अक्षर तेच आहे का. छापील फोटोत हे दिसत नाही.

खरी गंमत 'शाळा सोडल्याचा दिनांक' या रकान्यात असते. बाबासाहेब १९०४ मध्ये सातारा सोडून मुंबईला गेले आणि १९०७ साली तिथून मॅट्रिक झाले. साताऱ्याचंच रजिस्टर हातात घेऊन गळती मोजणारा संशोधक त्यांना गळतीत टाकेल! नाव कमी होणं म्हणजे शिक्षण सुटणं असं आपण फार पटकन धरतो. पलटणीतून निवृत्त झालेले, नोकरीसाठी फिरणारे वडील. त्यांच्या मागून शाळा बदलणारी मुलं. ही हालचाल एका शाळेच्या रजिस्टरात मावत नाही.

उलट बाजूही आहे. दाखल होणं म्हणजे वर्गात बसायला मिळणं नव्हे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि मुंबई सरकारनंही त्याची बाजू घेतली नाही. पुढे सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचं धोरण ठरलं, म्हणूनच ४४ वर्षांनी साताऱ्यात १९१४ ही नोंद शक्य झाली. पण 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी लिहिलंय की वर्गात कोपऱ्यात बसायला स्वतःचं गोणपाट लागे, ते रोज घरी न्यावं लागे, आणि शिपाई नसला तर पाणी नाही. रजिस्टरात गोणपाटाला रकाना नाही. पटाच्या टक्केवारीवर थीसिस उभा करणाऱ्यांनी आठवणी, आत्मचरित्रं बाजूला ठेवली तर 'प्रवेश वाढला' एवढंच हाती लागेल, आणि ते अर्धसत्य असेल.

सांगलीवर काम करणाऱ्यांसाठी एक वेगळा खड्डा आहे. १९०० साली सांगली जिल्हा नव्हताच. सांगली, मिरज, जत ही संस्थानं. तासगाव, वाळवा हे तालुके ब्रिटिश सातारा जिल्ह्यात. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे जुन्या अहवालातला 'सातारा' आणि यू-डायसमधला आजचा 'सातारा' एका आलेखावर ठेवलात, तर विद्यार्थी घटलेले दिसतील; प्रत्यक्षात फक्त हद्द सरकलेली असेल. तालुकावार जुळवणी करा. कंटाळवाणं काम आहे, माहितीये.

शेवटचं परवानगीबद्दल. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमल्यापासून कुणबी नोंदींसाठी जुन्या शाळांची रजिस्टरं भराभर उघडली गेली. जातीच्या रकान्यातल्या एका शब्दावर आज एखाद्या घराचा दाखला अवलंबून असतो. त्यामुळे मुख्याध्यापक बिचकतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. जाताना गाईडचं पत्र न्या, नावं उतरवणार नाही हे लेखी द्या, फोटोचा आग्रह धरू नका. पेन्सिल न्या. पानं फार ठिसूळ असतात.