बट्टा आणि काळिमा

'नावाला बट्टा लागला' असे म्हणताना आपण सराफाच्या पेढीवरचा शब्द उच्चारीत आहो, याचे भान आता फारसे कोणास उरलेले नाही. पेशवाईच्या उत्तरकाळी अंकुशाच्या चिन्हाचा अंकुशी, चांदवडच्या टांकसाळीतला चांदोरी आणि सुरतेकडून आलेला सुरती असे नाना जातींचे रुपये एकाच बाजारात फिरत. त्यामुळे वसुलाची रक्कम खजिन्यात जमा होण्यापूर्वी पोतदार एकेक नाणे बोटांत फिरवून, वाजवून, शंका आल्यास तराजूत घालून पाही, आणि जे झिजलेले वा हिणकस ठरे त्यावर बट्टा कापून घेई. मोगली अमदानीत तर चालू सालाचा 'सिक्का' पुऱ्या किमतीस आणि मागील सालांचा 'चलनी' त्याहून उणा, असा नियमच असल्यामुळे नाण्यावरचा जुलूस सन, म्हणजे बादशहाच्या राज्यारोहणापासूनचे वर्ष, हाच त्याच्या झिजेचा दाखला होऊन बसे. कंपनी सरकारने 1835 साली 180 ग्रेन वजनाचा एकच रुपया सुरू केला, तेव्हापासून या विद्येला उतरती कळा लागली.

तथापि ही विद्या लोपली नाही. ती संग्राहकाच्या दारी गेली, आणि तेथे तिची मूल्ये बरीचशी उलटी झाली. सराफाने खात्रीसाठी रुपयावर मारलेला बारीक छाप, जो एके काळी त्या रुपयाची पत वाढवी, तो आज त्याचे व्यंग मानला जातो. आणि ज्या काळिम्याकडे सराफ ढुंकूनही पाहत नसे, त्यासाठी आज चढा मोबदला दिला जातो.

माझ्या मेजावर तांब्याचे एक जुने नाणे, एक शिवराई, आहे. तिच्या एका अंगास 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या अंगास 'छत्रपति' अशी अक्षरे असावयाची. त्यांपैकी 'पति'चा अर्धा भाग दिसत नाही. नवशिका हिला झिजलेली म्हणून बाजूस सारील; परंतु ठसा चकतीहून मोठा असल्यामुळे कडेची अक्षरे मुळात उमटलीच नाहीत, हे उरलेल्या अक्षरांच्या ठसठशीत उंचीवरून कळते, आणि छापाची उणीव व हातांची झीज यांतला हा भेद ज्यास करता येत नाही त्याने प्रतवारीच्या वाटेस जाऊ नये. रंगाचेही तसेच आहे. अक्षरांच्या उंचवट्यांवर फिकट तपकिरी, खोबणीत जवळजवळ काळा, आणि मधे कोठेही तुटक रेषा नाही, असा क्रम केवळ काळच घडवू शकतो; कारण बोटे उंचवट्यांस घासतात, खोलगट भागास नाही. याउलट औषधाने चढविलेला रंग सपाट आणि एकसारखा बसतो, तर घासून पुसलेल्या नाण्यावर भिंगाखाली समांतर बारीक ओरखडे दिसतात, आणि तांबे एखाद्या सोललेल्या कातडीसारखे गुलाबी भासते. माझ्या मते झिजलेली पण अस्पर्श राखलेली शिवराई ही ठळक अक्षरांच्या घासलेल्या शिवराईहून श्रेष्ठ. काही व्यापारी हे मानीत नाहीत.

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाचे रुपये दरसाल चिंचेने लख्ख होत, त्यांचे काय झाले असेल हे सांगणे नको. मागे पुण्याच्या जुन्या बाजारात एका टोपलीत तांब्याची नाणी अशीच झगझगत होती. न घासलेली आहेत काय, असे विचारताच विक्रेता ओशाळून म्हणाला, "आहेत की, पण ती अजून धुवायची राहिलीत."