पगारपत्रक नसलेल्यांचा हिशेब

खानदेशच्या कापसाच्या इतिहासात जिनिंग कारखाने ठळक दिसतात. त्यांच्या दारापर्यंत कापूस आणणारा गाडीवान मात्र क्वचितच. 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा 1 जुलै 1924 रोजी अमलात आला. त्याच्या कक्षेतील कारखान्यात मजुराचा हात यंत्रात सापडला, तर वेतन आणि इजेच्या कोष्टकानुसार भरपाई ठरू लागली. त्याच दारात पाय गमावणाऱ्या, स्वतःच्या बैलगाडीवर पोट भरणाऱ्या गाडीवानाला मालकच नव्हता. म्हणून कोष्टकही नव्हते.

1956 च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची वाट मोकळी झाली. मुंबई-आग्रा रस्त्यावर धुळ्याजवळ जायबंदी झालेल्या फळविक्रेत्यालाही आता दाद मागता येणार होती. पण हातगाडीवाल्याने पगारपत्रक आणावे कोठून?

शेतकऱ्याचे गणित आणखी निराळे. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूच्या एका दाव्यात म्हटले, की जमीन वारसांकडेच राहते. बुडते ती देखरेख. तर्क सरळ आहे. मात्र रावेर-यावलच्या बागेत केळीचा घड केव्हा उतरवावा हे जाणणारी नजर रोजंदारीवर मिळते का, हा प्रश्न उरतोच.

निर्णायक वळण 2014 चे. पाय गमावलेल्या कर्नाटकातील तरुण भाजीविक्रेत्याकडे उत्पन्नाचे कागद मागणे सर्वोच्च न्यायालयाला अवाजवी वाटले. मासिक उत्पन्न 6,500 रुपये धरले गेले. भावी वाढीसाठी त्यात निम्मे मिळवून 9,750, वर्षाचे 1,17,000, वयानुसार गुणक 18, कमावण्याची क्षमता 85 टक्के घटलेली. बुडालेली कमाई ठरली 17,90,100 रुपये.

2017 मध्ये घटनापीठाने चाळिशीच्या आतील स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठी ही भावी वाढ 40 टक्के ठरवली. धुळे-जळगावच्या न्यायाधिकरणांपुढे हातगाडीवाल्याचा हिशेब आज तिथून सुरू होतो.