पावकीची किंमत आणि पदवीची किंमत

मिरचीचा भाव मणाला वीस रुपये असेल, तर साडेतीन शेरांचे किती? चाळीस शेरांचा मण आणि सोळा आण्यांचा रुपया होता, तेव्हा औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, पाठ असलेला मुलगा पाटी हातात न घेता उत्तर देई: शेराला आठ आणे, आठाची औटकी अठ्ठावीस, म्हणजे एक रुपया बारा आणे. भिवापूरसारख्या मिरचीच्या बाजारात या पाठांतराला रोकडा भाव होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे सगळे अपूर्णांकांचे पाढे गावच्या पंतोजींकडे थोड्याशा धान्याच्या मोबदल्यात शिकता येई आणि शिकलेला मुलगा दुसऱ्याच हंगामात वजनकाट्याजवळ उपयोगी पडे. १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला, पाठोपाठ १९५८ पासून किलोग्रॅम रुजू लागला आणि अपूर्णांकांच्या पाढ्यांची गरज काही वर्षांतच संपली. पाढे तेव्हाही खरेच होते, पण ते विचारणारा कोणी उरला नाही. गणिताच्या पदवीचा इतिहासही मला याच रीतीने वाचावासा वाटतो. तिचे मोल त्या विषयापेक्षा, त्या त्या काळी ती मागणारा कोण होता, यावर ठरत आले आहे.

आधी खर्चाचे पाहू. नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये आणि मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये निघाले, विज्ञानाचे व्हिक्टोरिया कॉलेज १९०६ मध्ये. पण पदवी मिळे ती आधी कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाची. नागपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९२३ मध्ये. भिवापूर नागपूरपासून साठ-सत्तर किलोमीटरवर. १९०८ मध्ये नागपूर–नागभीड ही अरुंद मार्गाची रेल्वे उमरेड, भिवापूरवरून धावू लागली आणि हे अंतर एका दिवसाच्या आवाक्यात आले. तरी रोज जाऊन-येऊन शिकणे कठीणच होते. खोलीचे भाडे, खानावळ आणि शेतातून वजा झालेले दोन हात, ही फीपेक्षा मोठी रक्कम होती. या शेवटच्या खर्चाचा हिशेब कोणी कागदावर मांडत नाही. मिरचीचे तोडे आणि सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवण्याच्या जागेवर, देठ खुडण्याचे काम ऐन अभ्यासाच्या महिन्यांत येते. ती मजुरी बुडणे म्हणजे मजूर घराने भरलेले दुसरे शुल्कच. १९५९ पासून राज्याने आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांना फीची सवलत दिली. तिने पहिला खर्च हलका केला, दुसरा तसाच राहिला. म्हणून तालुक्याच्या गावी महाविद्यालय निघणे ही मला फीमाफीइतकीच मोठी सवलत वाटते.

आता मोलाकडे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले, आणि परत येऊन पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवू लागले. १९२७ मध्ये त्यांच्याच नावाचे पारितोषिक मिळवणारे द. रा. कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. ६१७४ या संख्येमुळे त्यांचे नाव जगभर गेले, तरी उदरनिर्वाह शाळेच्या पगारावरच चालला. ही माणसे अपवादात्मक होती, त्यांच्यावरून सामान्य पदवीधराचे काय ठरवायचे, असा आक्षेप रास्त आहे. पण असामान्य बुद्धीलाही शिकवण्याचीच वाट धरावी लागली, यावरून सामान्य पदवीधरापुढे किती वाटा होत्या, हे कळते. गणिताच्या पदवीचा मुख्य गिऱ्हाईक शाळा-कॉलेज हाच होता.

आणि तो गिऱ्हाईक हात आखडता घेऊ लागला, तेव्हा पदवीचा भाव पडला. २०१२ मध्ये राज्याने शिक्षकभरतीवर बंदी आणली. पुढे भरतीसाठी अभियोग्यता चाचणी आणि ‘पवित्र’ हे ऑनलाइन पोर्टल आले. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. म्हणजे तीन वर्षांची बी.एस्सी. आणि दोन वर्षांचे बी.एड. मिळून पाच वर्षे, त्यावर पात्रतेच्या परीक्षा, आणि मग जागेची वाट. अभियांत्रिकीला चार वर्षे लागतात. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केल्यावर गणितात हुशार असलेले मूल तिकडेच वळले, हे घराघरातल्या हिशेबाला धरूनच होते.

तरीही गणिताची पदवी वाया गेली, असे मी म्हणणार नाही. अभियांत्रिकीचे शुल्क अनेक पटींनी जास्त असते, आणि तिथली पदवीही नोकरीची हमी देत नाही. मुलींच्या बाबतीत मात्र २०२४ पासून हिशेब बदलला आहे: आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. मुलगा असो की मुलगी, गणिताची पदवी एकटी पुरत नाही. संख्याशास्त्र, संगणक, बी.एड. किंवा बँक आणि विम्याच्या परीक्षा, यांपैकी एखादी जोड पहिल्या वर्षापासूनच ठरवलेली हवी. गणित ही पाया घालण्याची विद्या आहे आणि नुसत्या पायावर घर उभे राहत नाही, हे मुलाला आधीच सांगणे ही शिक्षकांची जबाबदारी आहे. शाळांमधल्या गणिताच्या रिकाम्या जागा भरणे ही शासनाची. भिवापूरच्या पालकांना माझी विनंती एवढीच: कॉलेजात नाव घालताना पहिल्या वर्षाची फी पाहून ठरवू नका. पाच वर्षांचे भाडे, जेवण आणि बुडणारी मजुरी एका कागदावर मांडा, आणि पुढची पायरी कोणती, हे त्याच कागदावर मुलाकडून लिहून घ्या.