‘स्थानिक’ कोणाला म्हणावे?

इंदुरात ‘सरवटे’ हे नाव उच्चारले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बसस्थानक उभे राहते. त्यात ऐकणाऱ्याचा दोष नाही. ते बसस्थानक संविधान सभेचे सदस्य राहिलेल्या विनायक सीताराम सरवटे यांच्या नावाचे आहे, आणि तो मान त्यांना मिळणे उचितच होते. परंतु याच गावात दुसरे एक सरवटे राहून गेले. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात ओव्हल मैदानावर सरे संघाविरुद्ध भारताचे ९ गडी २०५ धावांत बाद झाले असता चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी अखेरच्या गड्यासाठी २४९ धावा जोडल्या. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी एकाच डावात शतके झळकावल्याचे प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये दुसरे उदाहरण नाही. पेशाने वकील आणि बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ असलेले हे गृहस्थ २००३ मध्ये इंदुरातच निवर्तले. सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाणाऱ्या दहा तरुणांना हे नाव विचारावे, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

अमेरिकेत कौंटी म्हणून जो आपल्या जिल्ह्यासारखा विभाग असतो, त्यातल्या कित्येकांनी आपापल्या खेळाडूंची कीर्तिदालने उभारली आहेत. कूपर्सटाउन येथे १९३९ मध्ये उघडलेले बेसबॉलचे दालन जगप्रसिद्ध आहे. पण ही जिल्ह्यांची दालने मला अधिक जवळची वाटतात. एखादी खोली, भिंतीवर तसबिरी, खाली चार ओळी. शेजारच्या गल्लीतला माणूस काय करून गेला हे शाळकरी मुलाला तिथे कळते. इंदूर जिल्ह्याचेही असे एक दालन असावे, केवळ क्रिकेटचे नव्हे, सर्व खेळांचे. मात्र असा विचार मांडला की पहिला प्रश्न येतो तो निकषाचा: स्थानिक म्हणावे कोणाला?

या प्रश्नाशी माझा संबंध जुना आहे. शासकीय सेवेत असताना मूळ निवासी दाखल्याची प्रकरणे अनेक वर्षे माझ्या टेबलावरून गेली. जन्म कोठे, शिक्षण कोठे, वास्तव्य किती वर्षांचे, असे रकाने भरत जायचे. एकदा एका कार्यालयात माझ्याच कुटुंबातील मुलाच्या अर्जावर ‘मूळचे महाराष्ट्राचे’ असा शेरा मारण्यात आला होता. आमचे घराणे पेशव्यांच्या काळात माळव्यात आलेले! शेरा पुढे खोडला गेला, परंतु तो मनातून गेला नाही.

आता हाच रकाना होळकर संघाला लावून पाहावा. सी. के. नायडू जन्माने नागपूरचे. १९२३ मध्ये तुकोजीराव महाराजांनी त्यांना होळकरांच्या सैन्यात आणले. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर ते भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले आणि १९६७ मध्ये इंदुरातच त्यांनी देह ठेवला. हिरालाल गायकवाडही नागपूरचे, सरवटे सागरचे, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. डेनिस कॉम्प्टन तर थेट लंडनचा. महायुद्धात महूला नेमणूक झाली म्हणून तो होळकरांकडून खेळला आणि १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा करूनही पराभव पाहून गेला. ज्याचा जन्मदाखलाही इंदूरचाच असा मोठा खेळाडू म्हणजे मुश्ताक अली. १९३६ साली मँचेस्टरला ११२ धावा करून परदेशात कसोटी शतक काढणारे ते पहिले भारतीय. जन्म इंदूर १९१४, निधन इंदूर २००५. दाखला हाच निकष धरला तर त्या संघाच्या वाट्याला फार थोड्या तसबिरी येतील.

आणि तो संघ केवढा! १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत दहा वेळा रणजी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, त्यांतील चार वेळा विजेता. १९४५-४६ च्या उपांत्य सामन्यात यशवंत क्लबच्या मैदानावर म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा, आणि एकाच डावात सहा शतके, हा विक्रम जगात अजोड. भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रताप सिंह. सहांपैकी चार नावे आपल्या घरांतली वाटावीत अशी आहेत. नायडूंनी त्या वेळी पन्नाशी ओलांडलेली होती आणि बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी द्विशतकही काढले.

१९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. राज्य गेले, पण संघ त्याच नावाने आणखी सात वर्षे खेळत राहिला. इतिहासात असे क्वचित घडते. मार्च १९५५ मध्ये इंदुरात मद्रासकडून ४६ धावांनी हरल्यावर ते नावही मिटले. पुढे मध्य भारत, त्यापुढे मध्य प्रदेश. जून २०२२ मध्ये चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशने बंगळुरूत मुंबईला हरवून रणजी करंडक जिंकला, आपल्या इंदूरच्या रजत पाटीदारने अंतिम सामन्यात शतक केले, आणि सर्वत्र छापून आले की हे राज्याचे पहिले विजेतेपद. नोंदवहीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. दप्तर बदलले की जुनी खाती नव्या वहीत ओढली जात नाहीत, हे माझ्यासारख्या कारकुनी हाडाच्या माणसाला समजते. परंतु ती चार विजेतेपदे मग कोणत्या वहीत राहिली? क्रीडांगणाला २०१० पासून होळकरांचे नाव आहे, पण आत शिरायला सामन्याचे तिकीट लागते.

निंबाळकरांचे उदाहरण आणखी गुंतागुंतीचे. डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर असताना प्रतिपक्षाने सामनाच सोडून दिला. तो डाव महाराष्ट्राकडून होता. मग ते पुण्याचे, कोल्हापूरचे की आपले? माझ्या मते तिघांचेही. एका भिंतीवर तसबीर लागली म्हणून दुसऱ्या भिंतीवरची उतरवावी लागत नाही. माझा निकष इतकाच, की जो येथे राहून खेळला, किंवा येथून जाऊन खेळला, तो येथला.

या निकषाने महूचे शंकर लक्ष्मण आपसूक आत येतात, आणि त्यांच्यासाठी तरी हे दालन व्हावे असे मला वाटते. हॉकीचे गोलरक्षक, १९५६ आणि १९६४ ची ऑलिंपिक सुवर्णपदके, १९६० चे रौप्य, १९६६ च्या आशियाई सुवर्णाचे कर्णधार. सैन्यात ते मराठा लाइट इन्फंट्रीत होते. अर्जुन पुरस्कार, पद्मश्री सारे काही मिळाले. आणि २००६ मध्ये पायाला गँगरीन होऊन हलाखीत महूलाच त्यांचा अंत झाला. पदक देणारे हात पुष्कळ असतात, नंतर विचारपूस करणारे थोडे. संध्या अग्रवाल यांनी १९८६ मध्ये वूस्टरला इंग्लंडविरुद्ध १९० धावा करून महिला कसोटीतील तेव्हाचा जागतिक विक्रम मोडला, त्याही इंदूरच्याच. आखाड्यांतून कृपाशंकर बिश्नोईंसारखा अर्जुनवीर आला.

नायडूंच्या नावे नियामक मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार आहे, मुश्ताक अलींच्या नावे वीस षटकांची राष्ट्रीय स्पर्धा आहे. हे दोघे जगाच्या लक्षात राहतील. भांडारकरांची, जगदाळ्यांची काळजी मात्र गावानेच घ्यायला हवी. दालन क्रीडांगणात नसावे. राजवाडा-सराफ्याच्या आसपास, दिवसा दागिन्यांना आणि रात्री खाण्याला लोक येतात तिथे एखाद्या जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर असावे. शासनाने केले तर उत्तमच, पण फायलीचा प्रवास मला ठाऊक आहे. तोवर आपल्या हातातले काम निराळे आहे.

ज्या घरांत त्या काळची संघ-छायाचित्रे, निमंत्रणपत्रे, धावफलकांच्या वह्या ट्रंकेत पडून आहेत, त्यांनी त्या या पावसाळ्याआधी बाहेर काढाव्यात. घरातले नव्वदीचे कोणी अजून असतील तर त्यांच्याजवळ बसून छायाचित्रातील मागच्या रांगेतल्या माणसांची नावे विचारून घ्यावीत, आणि मागल्या बाजूस पेन्सिलीने लिहावीत. शाई फुटते.