प्रॉडक्ट सुचवून कमाई कशी होते? अ‍ॅफिलिएट लिंक, कमिशन आणि नियम सोप्या मराठीत

"लिंक डिस्क्रिप्शनमध्ये दिली आहे" हे वाक्य तुम्ही यूट्यूबवर शंभरदा ऐकलं असेल. त्या लिंकवरून कुणी वस्तू विकत घेतली, तर व्हिडिओ बनवणाऱ्याला कमिशन मिळतं. यालाच अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात. अनेकांना वाटतं की लिंक टाकली की पैसे सुरू. प्रत्यक्षात तसं होत नाही. कमिशन कसं मोजलं जातं, भारतात त्याचे नियम काय आहेत आणि वस्तू वापरून खरं सांगणाऱ्याचीच कमाई का टिकते, ते आज पाहूया.

लिंक नेमकं काय करते?

अ‍ॅमेझॉनने आपला असोसिएट्स प्रोग्राम १९९६ मध्ये सुरू केला. आज भारतातही तो चालतो. नाव नोंदवलं की तुम्हाला एक ट्रॅकिंग आयडी मिळतो. तुम्ही बनवलेल्या प्रत्येक लिंकच्या शेवटी हा आयडी जोडलेला असतो. कुणी लिंक उघडली की 'हा ग्राहक अमुक आयडीवरून आला' अशी नोंद होते.

ही नोंद कायम राहत नाही. अ‍ॅमेझॉनवर ती २४ तास चालते. तेवढ्या वेळात ग्राहकाने वस्तू कार्टमध्ये टाकून ठेवली, तर ऑर्डर नंतर दिली तरी चालते. साधारण ९० दिवसांपर्यंत ती तुमच्या खात्यावर धरली जाते. मात्र मध्येच त्याने दुसऱ्याची लिंक उघडली, तर पुढची खरेदी त्या दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकते.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा. स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी केलेल्या खरेदीवर कमिशन मिळत नाही. नवीन खात्यावर १८० दिवसांत किमान ३ विक्री झाल्या नाहीत, तर खातं बंद होतं. आणि ग्राहकाने वस्तू परत केली, तर तिचं कमिशनही परत जातं.

यूट्यूबनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतात शॉपिंग अ‍ॅफिलिएट प्रोग्राम आणला. सुरुवात फ्लिपकार्ट आणि मिंत्रापासून झाली. यात व्हिडिओतच प्रॉडक्ट टॅग करता येतं.

हिशेब मांडून बघू

समजा, तुम्ही ९०० रुपयांचा ट्रायपॉड सुचवला आणि त्यावर ५ टक्के कमिशन आहे. म्हणजे एका विक्रीला ४५ रुपये. व्हिडिओ २,००० जणांनी पाहिला, १०० जणांनी लिंक उघडली, ५ जणांनी ट्रायपॉड घेतला. कमाई झाली २२५ रुपये. आता तो ट्रायपॉड मोबाइलच्या वजनाने खाली वाकतो म्हणून दोघांनी परत केला, तर हातात राहिले १३५. (आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. दर वस्तूच्या प्रकारानुसार बदलतात; फोनसारख्या वस्तूंवर ते सहसा कमीच असतात.)

या हिशेबातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. एका व्हिडिओवर कुणी श्रीमंत होत नाही. तोच माणूस सहा महिन्यांनी तुमची दुसरी लिंक उघडतो, वर्षाने तिसरी, तेव्हा कुठे कमाई जमायला लागते. आणि पहिली वस्तू फसवी निघाली, तर तो परत येत नाही. कुणीतरी घरच्यांनी जमवलेल्या पैशांतून पहिला फोन घेत असतं. त्याच्यासाठी तो खर्च वर्षातून एकदाचा असतो, हे विसरू नका.

खरं सांगायचं म्हणजे काय करायचं?

पॉवर बँकचं उदाहरण घ्या. डब्यावर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं. मग ५,००० एमएएचचा फोन दोनदा फुल होईल, असं अनेक रिव्ह्यूमध्ये बिनधास्त सांगितलं जातं. पण तो आकडा आतल्या सेलचा असतो. सेलचं व्होल्टेज ३.७ च्या आसपास असतं, ते वाढवून ५ व्होल्ट करावं लागतं. यात आणि फोन चार्ज होताना काही ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणून प्रत्यक्षात फोन साधारण सव्वा ते दीड वेळा चार्ज होतो. पॉवर बँकवर बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' छापलेली असते, ती वाचली तरी हे कळतं.

डब्यावरचं वाचून दाखवायला कुणीही चालेल. फोन ० वरून किती टक्क्यांपर्यंत गेला, किती वेळ लागला, पॉवर बँक किती तापली, हे मोजून दाखवणाऱ्याचं लोक ऐकतात.

शेतीचा चॅनल असेल तरी तेच. १६ लिटरचा बॅटरी फवारणी पंप दाखवताना नुसत्या पाण्याचंच वजन १६ किलो होतं. एका चार्जमध्ये किती टाक्या फवारून झाल्या आणि पट्टा खांद्याला किती रुततो, हे शेतकऱ्याला ऐकायचं असतं.

प्रत्येक रिव्ह्यूमध्ये एवढं तरी सांगा:

१. वस्तू किती दिवस वापरली.
२. स्वतःच्या पैशांनी घेतली, की कंपनीने फुकट पाठवली.
३. काय आवडलं नाही.
४. ही वस्तू कुणी घेऊ नये.

चौथा मुद्दा सांगितल्याने विक्री कमी होईल असं वाटतं. पण ज्याच्या उपयोगाची ती वस्तू नाही, त्याने ती घेतली असती तरी परत केली असती. त्या विक्रीतून तुम्हाला काहीच मिळालं नसतं.

भारतातले नियम

जाहिरात क्षेत्राची स्वयंनियमन संस्था एएससीआय हिने इन्फ्लुएन्सरसाठीची मार्गदर्शक तत्त्वं १४ जून २०२१ पासून लागू केली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२२ मध्ये आली, आणि जानेवारी २०२३ मध्ये सरकारने सेलिब्रिटी आणि इन्फ्लुएन्सरसाठी सोप्या भाषेतली सूचना-पुस्तिका काढली. त्यातलं महत्त्वाचं असं:

- पैसे, फुकट वस्तू, डिस्काउंट, ट्रिप किंवा नात्यातल्या कुणाची कंपनी, यांपैकी काहीही असलं तर ते प्रेक्षकांना सांगावंच लागतं.
- 'जाहिरात', 'स्पॉन्सर्ड', 'पेड प्रमोशन' असा साधा शब्द स्पष्ट दिसला पाहिजे. दहा हॅशटॅगच्या गर्दीत लपवून चालत नाही.
- व्हिडिओ असेल तर फक्त डिस्क्रिप्शनमध्ये लिहून भागत नाही. व्हिडिओत दिसलं आणि ऐकूही आलं पाहिजे.
- रिव्ह्यू मराठीत असेल तर ही माहितीही मराठीत द्या.
- एएससीआयनुसार १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल किमान ३ सेकंद दिसावं. १५ सेकंद ते २ मिनिटांच्या व्हिडिओत एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ दिसावं.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. शिवाय वर्षभरापर्यंत कुठलीही जाहिरात करण्यावर बंदी येऊ शकते. पण दाव्याची नीट पडताळणी केली असेल, तर त्याच कायद्यात संरक्षणही आहे. म्हणून टेस्टिंगचे फोटो, मोजमाप आणि बिलं जपून ठेवा.

शेअर किंवा म्युच्युअल फंड सुचवण्याच्या फंदात मात्र पडू नका. गुंतवणुकीचा सल्ला द्यायला सेबीची नोंदणी लागते.

टॅक्सचं काय?

अ‍ॅफिलिएट कमिशन हे उत्पन्नच आहे, ते रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. १ जुलै २०२२ पासून फुकट मिळालेल्या वस्तूंवरही नियम आहे. एका कंपनीकडून वर्षभरात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू मिळाल्या, तर १० टक्के टीडीएस लागतो. रिव्ह्यू करून फोन परत दिला तर तो लाभ धरला जात नाही. ठेवून घेतला तर धरला जातो. आणि सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते.

सुरुवात कुठून कराल?

नवीन काही विकत घेऊ नका. घरात वर्षभर वापरात असलेल्या तीन वस्तू निवडा: इअरफोन, अभ्यासाचा टेबल लॅम्प, मिक्सर, काहीही. वर्षभरानंतर त्यांची काय अवस्था आहे ते दाखवा, कारण अनबॉक्सिंगचे व्हिडिओ ढिगाने मिळतात, पण वर्षभर वापरल्यानंतरचे फार कमी. लिंकच्या वरच मराठीत लिहा: "या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळतं." लिंक टाकण्याआधी त्या प्रोग्रामचे नियमही वाचा, कारण काही ठिकाणी ईमेल किंवा खासगी मेसेजमधून लिंक पाठवायला मनाई असते.

लेख उपयोगी वाटला तर नवीन चॅनल सुरू करणाऱ्या तुमच्या मित्राला नक्की पाठवा.