रॉक मशीन ते इंडस क्रीड : एका बँडची फूट आणि पुनर्भेट

मंडळी फुटणे हा मराठी रसिकाला चांगला ठाऊक असलेला प्रकार आहे. १९१३ साली बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. पुढे ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमाना’त एकत्र उभे राहिले. या घटनांवर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. मुंबईच्या रॉक बँडांच्या वाट्याला मात्र असा इतिहासकार क्वचितच आला.

१९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ हा बँड सुरू झाला. उदय बेनेगल (गायन), महेश तिनईकर आणि जयेश गांधी (गिटार), झुबिन बलापोरिया (कीबोर्ड), मार्क सेल्विन (बास) आणि मार्क मेनेझिस (ड्रम) ही त्याची गाजलेली फळी. त्या काळी इथले बहुतेक बँड विलायती गाणी हुबेहूब वाजवण्यात धन्यता मानत. रॉक मशीननेही सुरुवात तशीच केली. पण लवकरच ते स्वतःची गाणी रचू लागले. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ हे त्यांचे संग्रह आले. १९९३ मध्ये त्यांनी ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले आणि त्याच नावाचा संग्रह १९९५ मध्ये काढला. अवघ्या दोन वर्षांत, १९९७ मध्ये, बँड थांबला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ हा नवा बँड काढला.

बँड फुटला की लोक आधी भांडण शोधतात. मला काळाचा हिशेब अधिक महत्त्वाचा वाटतो. १९९१ मध्ये उपग्रह वाहिन्या आल्या, तेव्हा एमटीव्हीवर इंग्रजी गाण्यांचे राज्य होते आणि ‘प्रिटी चाइल्ड’सारखे या बँडचे गाणे घरोघरी दिसू शकत होते. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ने हिंदी पॉपची बाजारपेठ दाखवून दिली. १९९६ मध्ये एमटीव्ही भारतासाठी वेगळी वाहिनी घेऊन आला, तोही हिंदीची कास धरून. इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय बँडची जागा आक्रसत गेली.

याच्या शेजारी उत्तर युरोपातले चित्र ठेवून पाहावे. स्वीडनचा ‘युरोप’ हा बँड १९८६ च्या ‘द फायनल काउंटडाउन’ने जगभर पोहोचला, १९९२ मध्ये थांबला आणि २००४ मध्ये नव्या संग्रहासह परतला. नॉर्वेच्या ‘आ-हा’ने ४ डिसेंबर २०१० रोजी ऑस्लोत निरोपाचा कार्यक्रम केला आणि २०१५ मध्ये पुन्हा संग्रह काढला. तिथेही माणसे एकमेकांना कंटाळतात. पण मधल्या काळात त्यांची गाणी वाजत राहतात आणि रचनाकारांना मानधन मिळत राहते. स्वीडनमध्ये हे मानधन गोळा करणारी ‘स्टिम’ ही संस्था १९२३ पासून आहे. गावोगावच्या नगरपालिकांच्या संगीतशाळांतून नवे वादक आणि जाणते श्रोतेही घडत असतात. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा कोणाला लिहून घेता येऊ नये, अशी तरतूद कायद्यात आली ती २०१२ च्या दुरुस्तीने.

इंडस क्रीड २०१० मध्ये परतला. बेनेगल, तिनईकर आणि बलापोरिया हे जुने तिघे. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे नवे दोघे. २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा संग्रह आला. पण ज्या मुंबईत ते वाढले, ती आता तशी उरली नव्हती. धोबीतलावचे रंगभवन हे मुंबईच्या रॉक श्रोत्यांचे हक्काचे खुले नाट्यगृह. १९८६ मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव तिथे भरत असे. शेजारी कामा रुग्णालय आणि सेंट झेवियर्स महाविद्यालय. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालयांभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरू लागला आणि रंगभवनातले असे कार्यक्रम बंद पडले. नियम योग्यच होता. रुग्णाला शांतता हवीच. चूक झाली ती बदली जागा न देण्याची. तेवढ्या भाड्यात, तेवढ्या मध्यवर्ती ठिकाणी तरुणांच्या बँडला दुसरा मंच मिळाला नाही.

माणसे रुसतात, वेगळी होतात आणि वय वाढल्यावर पुन्हा बोलू लागतात. हे नाटक मंडळीत होते तसेच रॉक बँडमध्येही होते. मात्र परतण्यासाठी मागे काहीतरी शिल्लक असावे लागते : वाजणारी गाणी, उघडे नाट्यगृह, आठवण ठेवणारा श्रोता. इंडस क्रीडसाठी त्यातला श्रोता तेवढा टिकून होता.

त्या श्रोत्याच्या घरातच हा इतिहास पडून आहे. कॅसेटची फीत वर्षागणिक खराब होते, तिकिटे आणि जाहिरातपत्रके रद्दीत जातात. दिवाळीच्या साफसफाईत असा डबा हाती लागला, तर तो फेकण्याआधी गाणी उतरवून घ्यावीत आणि कागदांवर तारीख-ठिकाण लिहून ठेवावे. पुढच्या अभ्यासकाची सुरुवात त्या डब्यापासूनच होणार आहे.