मोट, इंजिन आणि बटण

परवा आठवीच्या वर्गात मी विचारले, "मोट म्हणजे काय रे?" वर्ग गप्प. मग शेवटच्या बाकावरचा एक चुणचुणीत मुलगा उठला. "सर, मोट म्हणजे आघाडी! पेपरात येतं ना, अमक्याने विरोधकांची मोट बांधली म्हणून!"

वर्ग हसला, मीही हसलो. मुलाचे फारसे चुकले नव्हते. पेपरवाले बांधतात ती मोट म्हणजे गाठोडे. मी विचारीत होतो ती विहिरीतून पाणी ओढणारी चामड्याची मोट. पण हा मुलगा यावल तालुक्यातल्या बागाइतदाराचा. घरची केळीची बाग, बागेला ठिबक आणि शेतातला पंप सुरू करायला बापाच्या खिशातला मोबाइल पुरे! त्याच्या पणज्याचा जन्म मोटेमागे गेला असेल; आणि पणतवाच्या तोंडून ती वस्तूच नव्हे, शब्दही गेला. घरी येताना मनात आले, यंदाच्या दिवाळीला वाचकांना हीच हकीकत सांगावी.

खानदेशात यंत्राची गोष्ट निघाली की लोक आगगाडीची आणि कापसाच्या जिनांची सांगतात. ती गोष्ट मोठीच आहे. पण जिन गावाबाहेर असे आणि आगगाडी स्टेशनात. घराच्या उंबऱ्याआत आले ते यंत्र विहिरीवरचे. त्याने आमचे उठणे, झोपणे, देणेघेणे आणि भांडणेसुद्धा बदलली.

माझे मूळ गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. जुन्या सरकारी दप्तरात बागाइती जमिनीला दोन नावे असत. पाटाचे पाणी मिळे ते पाटस्थळ, विहिरीचे मिळे ते मोटस्थळ. आमच्या घरी दोन्ही होते.

पाटस्थळाची रीत आमच्याकडे मोठी शहाणपणाची. तिला फड म्हणतात. नदीला आडवा दगडी बंधारा. त्यातून निघालेला पाट. आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एका साली एकच पीक, आणि पिकांची पाळी सालोसाल बदलती. प्रत्येक घराचा तुकडा बहुधा प्रत्येक फडात. पाऊस कमी झाला की एखादा फड कोरडा ठेवायचा; म्हणजे तोटा झाला तर सगळ्यांचा सारखा. पाणी पाटकऱ्याने सोडायचे, मालकाने दाराला हात लावायचा नाही. जागल्याने राखण करायची, आणि पाट उपसायला घरटी माणूस हजर हवा. यात यंत्र असे काहीच नाही. नदीचा उतार आणि माणसांचा शब्द एवढ्यावर शेकडो वर्षे हा कारभार चालला.

मोटस्थळावर मात्र बैलांचा घाम. पहाटेच्या अंधारात मोट जुंपायची. बैल धावेवरून खाली गेले की भरलेली मोट वर यायची, सोंदूर ओढला की सोंडेतून पाणी थारोळ्यात भळाभळा पडायचे. हाकणारा गाणी म्हणायचा. ती गाणी ऐकायला गोड. पण माझे आबा सांगत, की गाणे झोप येऊ नये म्हणून असे. बैलांच्या खांद्यांना आवाळू येत, आणि दिवसभर राबून जे भिजे ते ओंजळभर रान.

या एका मोटेवर गावातली किती घरे जगत! चाक आणि कणा सुताराचा, नाडा दोर वळणाऱ्याचा आणि मोट शिवायची ती चर्मकाराने. खळ्यावर रास पडली की त्यातून प्रत्येकाला बलुत्याचे धान्य. जुन्या आठवणी काढणारे लोक इथे थांबतात आणि 'काय ती एकी!' म्हणतात. मला तिथे थांबवत नाही. आमची मोट शिवणाऱ्या म्हाताऱ्याच्या हाताचे चामडे दिवसातून शेकडो वेळा विहिरीत बुडून वर येई; पण त्या म्हाताऱ्याला त्याच विहिरीवर स्वतःची घागर बुडवायची मुभा नव्हती. एकी होती, पण गाठी अशा मारलेल्या होत्या.

मग इंजिन आले. 1946 साली पुण्यात किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला, आणि पुढच्या वीस वर्षांत ते फटफटणारे धूड खेडोपाडी पोचले. याच किर्लोस्करांच्या घरातल्या लक्ष्मणरावांना शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर विकताना नाकी नऊ आले होते; लोखंडाने जमिनीत विष उतरते अशी लोकांची समजूत होती. इंजिनाला तेवढा विरोध झाला नाही. दोन दिवसांचे पाणी ते दोन तासांत काढी. दुसरा पुरावा कोणाला हवा होता?

आबांनी इंजिन घेतले ते माझ्या जन्माआधी. त्या साली सुगीला तो म्हातारा नेहमीप्रमाणे आरी-दोरा घेऊन खळ्यावर आला. आबा रासेजवळ उभे होते. ते सहज बोलून गेले, "आते कसाले मोट?" म्हातारा काही बोलला नाही. आरी धोतराच्या सोग्यात गुंडाळून तो निघून गेला. त्या वर्षीचे धान्य त्याला दिले की नाही, हे मी आबांना दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्यांनी तंबाखूची चंची उघडली आणि दुसरा विषय काढला.

1960 साली राज्याचे वीज मंडळ स्थापन झाले, आणि हळूहळू तारा शिवारात आल्या. इंजिनाला निदान हँडल मारायला मनगट लागे. विजेच्या मोटारीला एक बटण पुरले. 1972 च्या दुष्काळाने लोकांना विहिरी खोल करायला शिकवले, आणि मागोमाग बोअर पाडणाऱ्या गाड्या आल्या. पाण्याचा मालक आता ज्याचा तो झाला.

इथे फडाला वाळवी लागली. ज्याच्या विहिरीवर मोटार बसली तो म्हणू लागला, "पाट उपसायला मी कशाला येऊ?" त्याचे म्हणणे वरवर खरे. पण पाटाखालच्या त्या विहिरी पाटाच्याच पाझरावर भरत होत्या, हे त्याच्या ध्यानी आले नाही. पाट गाळाने भरला तसा पाझर आटला, आणि मोटार कोरडी गुरगुरू लागली. काही गावांनी फड टिकवले, पुष्कळांचे मोडले.

नोकरीनिमित्त मी जळगावकडे आलो तेव्हा वाटले, इथे कोडे सुटले. ठिबकाची नवी पद्धत इस्रायलात सिम्खा ब्लास या इंजिनिअराने काढली. 1965 साली तिथल्या एका सामुदायिक वसाहतीत तिचा कारखाना निघाला. गळक्या नळाजवळचे झाड शेजारच्या झाडांहून मोठे झालेले पाहून त्याला ती सुचली, असे सांगतात. आमच्याकडे ती घरोघर नेली जामनेर तालुक्यातल्या वाकोदच्या भवरलाल जैनांनी. 1963 साली घरच्या सात हजार रुपयांवर रॉकेलचा धंदा सुरू करणारा हा माणूस. 1980 च्या दशकात त्यांनी जळगावात ठिबक आणले. मागोमाग प्रयोगशाळेत वाढवलेली केळीची रोपे आली. एका वेळी लावलेली बाग जवळजवळ एका वेळी कापणीला येऊ लागली. सावदा-रावेरची केळी पूर्वीपासून आगगाडीने दिल्लीला जात. आता त्यांचा घड भरला, आणि 2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. रात्री कंदील घेऊन सरीत पाणी भरणाऱ्या गड्याचे काम मात्र गेले. त्याच्याबरोबर त्याच्या पायाखालचा सापही गेला, हेही सांगितले पाहिजे.

पण थेंबाथेंबाने वाचवलेले पाणी जमिनीत राहिले का? माझ्या डोळ्यांदेखत ते शेजारच्या एकरात गेले. पूर्वी दोन एकर केळी होती, ती चार एकर झाली. सातपुड्याच्या पायथ्याचा हा पट्टा गाळाच्या मातीचा, पावसाचे पाणी पोटात घेणारा. त्या पोटातून इतके काढले गेले, की यावल आणि रावेर हे तालुके सरकारी कागदात 'अतिशोषित' म्हणून नोंदले गेले. 2025 च्या मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन सरकारांनी तापीच्या महापुनर्भरण योजनेचा करार केला. म्हणजे प्रत्येकाने एकेकट्याने उपसलेले पाणी भरून काढायला दोन राज्ये एकत्र यावी लागली.

आता सौरपंप आले आहेत. 2024 पासून 'मागेल त्याला सौर कृषिपंप' अशी योजनाच आहे. माझा धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, बिल नाही, रात्रीची लाइट नाही, सूर्य आहे तोवर पाणी." रात्री दोनला उठून पंपावर गेलेल्या माणसाला हे सुख काय आहे, ते शहरात बसून कळणार नाही. मी त्याला नको म्हटले नाही. एवढेच विचारले, "सूर्य रोज उगवेल रे, खालचे पाणी रोज उगवेल का?" तो चिडला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, की पंप घेऊ, पण नाल्यावरचा जुना बांध आधी दुरुस्त करू. आणि शेजाऱ्यांना विचारायला गेला. पाचांपैकी दोघे तयार झाले आहेत.

त्या मोट शिवणाऱ्याची हकीकत अर्धी राहिली. त्याच्या नातवाचे आज साक्रीत मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. व्होल्टेज उतरले की मोटारी जळतात, आणि मोठमोठे बागाइतदार त्याच्या बाकावर चहा पीत पाळीची वाट पाहतात. तो रोख पैसे घेतो, रासेची वाट पाहत नाही. गेल्या वर्षी भावाची मोटार घेऊन गेलो तेव्हा मी आबांची ती गोष्ट त्याला सांगितली. तारेचे वेढे मोजता मोजता तो म्हणाला, "गुरुजी, धान्य गेलं ते वाईट झालं. पण आज्याचं खळ्यावर उभं राहणं सुटलं, ते बरं झालं." यंत्राविषयी इतके नेमके बोलणे मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेले नाही.

आबांची मोट अजून गावी गोठ्याच्या आढ्याला टांगलेली आहे. चामडे वाळून लाकडासारखे झाले आहे, कडा उंदरांनी कुरतडल्या आहेत. पण शिवण एकही उसवलेली नाही. दिवाळीच्या सुटीत ती उतरवून आणीन म्हणतो. शाळा उघडली की आठवीच्या वर्गात टेबलावर ठेवीन आणि शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाला पुढे बोलावून टाके मोजायला सांगीन. आघाडी या त्याच्या उत्तरावर मी त्या दिवशी फुली मारली नव्हती. आताही मारणार नाही.